मार्डेल घरी नाही

आर्लिस गेल्याचं कळलं तो गुरुवार होता. कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावसभेला, अकरा दिवस उरले होते.

तिचा नवरा गेलन टेग तेव्हा ल्यूथरन चर्चच्या तळघरात जमिनीवर पालथा पडला होता. बाहेर शून्याखाली अकरा, आणि चर्च तापवणारी भट्टी सकाळपासून बंद. आयोवातल्या त्या गावात भट्ट्या दुरुस्त करणारा तो एकटाच होता, त्यामुळे थंडी वाढली की त्याला जेवायला फुरसत नसे. पास्टरची बायको जिन्यावरून ओरडली, "गेलन, तुला फोन आहे. लोवेल हॉफ."

गेलन हात पुसत वर आला. "बोल लोवेल. तुझी पण बंद पडली का?"

"तू एकटा आहेस का तिथे?"

"का रे?"

"आर्लिसची गाडी आमच्या अंगणात उभी आहे," लोवेल म्हणाला. "तू निघू नकोस. गाडी चालवू नकोस तू. मी येतो न्यायला."

एवढ्यावरून गेलनला कळलं. तरी लोवेल येईपर्यंत त्याने भट्टीचा पट्टा बसवला आणि ती चालू केली. ते काम हातात होतं म्हणून त्याने ते केलं. पुढे कितीतरी दिवस त्याला त्याची लाज वाटत राहिली.

लोवेल धान्याच्या कोठारावरून साडेपाचला घरी आला, तेव्हा त्याला अंगणात आर्लिसची गाडी दिसली होती. इंजिन चालू, हीटर चालू, मागचे लाल दिवे लागलेले. आर्लिस पुढच्या सीटवर, मांडीवर कार्डांचा डबा, हातात पेन. डॉक्टर म्हणाले, हृदय. नेमकं कधी, ते सांगता येणार नाही. चार आणि साडेपाचच्या मध्ये.

"कोणी लवकर पाहिलं असतं तर?" गेलनने विचारलं.

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, गेलन," डॉक्टर म्हणाले.

आणि मार्डेल? लोवेलची बायको मार्डेल तेव्हा कुठे होती? लोवेल म्हणाला, ती आत झोपली होती. डोकं दुखत होतं, गोळी घेतली होती. तिला गाडीचा आवाजच आला नाही.

*

मार्डेल आणि आर्लिस यांची मैत्री एकतीस वर्षांची. दोघींनी मिळून गावातला पक्ष चालवला असं म्हटलं तरी चालेल. अध्यक्ष कोणीही असो, खुर्च्या मांडायच्या त्या या दोघींनी, कॉफी करायची ती या दोघींनी, आणि निवडणुकीच्या दिवशी म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणायचं तेही यांनीच. कोणाच्या मयताचं जेवण असलं तरी हॅमचे सँडविच यांच्याच हातचे. आर्लिस बोलायची आणि मार्डेल ऐकल्यासारखं करून स्वतःला हवं तेच करायची. असं छान चाललं होतं.

त्या वर्षी पक्षाचा उमेदवार कोण, यावरून सगळं फाटलं. आर्लिस गव्हर्नर पेल्हॅमच्या बाजूची. पेल्हॅम जिंकू शकतो, बाकीचे नुसते बोलतात, असं तिचं म्हणणं. मार्डेल सिनेटर क्विनलनच्या बाजूची. तिच्या लेखी पेल्हॅमचं नाव काढणं हेच पाप होतं. अकरा वर्षांपूर्वी पेल्हॅमने आपल्या राज्यात मांस कारखान्याच्या संपावर बंदूकवाले शिपाई पाठवले होते. मार्डेलचा भाऊ त्या संपात होता. त्याची नोकरी गेली, मग घर गेलं, मग बायको गेली.

डिसेंबरच्या सभेत आर्लिस म्हणाली, "एका माणसाच्या एका चुकीसाठी आपण आणखी चार वर्षं हरायचं का?"

मार्डेल कॉफीचा मोठा थर्मास टेबलावर ठेवून उभी राहिली. "ती एक चूक माझ्या पाहुण्यांच्या खोलीत राहते गं. रोज सकाळी मी तिला अंडी करून घालते."

कोणीतरी हसलं. त्याने जास्तच बिघडलं. त्या दिवसापासून दोघी बोलल्या नाहीत. गावही मग तसंच वाटलं गेलं. न्हाव्याच्या दुकानात क्विनलनवाले, बेकरीत पेल्हॅमवाले. ज्याच्या अंगणात ज्याची पाटी, त्यावरून लोक हात हलवायचा की नाही ते ठरवायचे. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, इतका उत्साह गावाने कधी पाहिला नव्हता. ज्यांनी जन्मात सभेचं तोंड पाहिलं नाही तेही विचारत होते, सोमवारी किती वाजता यायचं.

त्या थंडीत सगळ्यांचा एक उद्योग होता. कुठल्या ना कुठल्या उमेदवाराचं माणूस रोज दार वाजवायचं. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर लोक कंटाळले. अनोळखी गाडी अंगणात वळली की टीव्हीचा आवाज बंद, दिवे बंद, आणि सगळं कुटुंब सोफ्यामागे गप्प. बाहेरचाही समजून घ्यायचा. कार्डावर शून्य लिहायचा, म्हणजे घरी नाही, आणि पुढच्या दाराला जायचा. यात कोणी राग मानत नसे. गेलनने स्वतः दोनदा तसं केलं होतं, आणि आर्लिसने स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसलेल्या त्याला पाहून पोट धरून हसत म्हटलं होतं, "तुझ्यासारख्यांमुळेच माझी बोटं गोठतात."

त्या गुरुवारी ती म्हणाली होती, "चल ना माझ्याबरोबर. तू गाडी चालव, मी उतरते."

"चर्चची भट्टी बंद आहे."

"देव थोडा वेळ गारठेल. चल."

तो गेला नाही.

*

मयताला मार्डेल आली. मागच्या बाकावर बसली आणि जेवणाआधी निघून गेली. त्या दिवशीचे सँडविच कोरडे होते, आणि ते का कोरडे आहेत हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

घरी फोन वाजत राहिला. तिन्ही उमेदवारांच्या कचेऱ्यांतून, दिवसाला आठ-दहा वेळा. त्यांच्या याद्यांना आर्लिस मेल्याचं माहीत नव्हतं.

"नमस्कार, आर्लिस आहेत का?"

पहिल्या दिवशी गेलनने खरं सांगितलं. पलीकडची पोरगी रडायला लागली आणि त्यालाच तिची समजूत काढावी लागली. दुसऱ्या दिवसापासून तो म्हणू लागला, "घरी नाही."

"मग कधी फोन करू?"

एकदा तो म्हणाला, "संध्याकाळी," आणि संध्याकाळी खरंच फोन आला. तो टेबलाशी बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिला. ती आतल्या खोलीतून येईल आणि ओल्या हाताने उचलेल, असं त्याला फोन दहा वेळा वाजेपर्यंत वाटत होतं.

कॉकसच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, शेरीफच्या माणसाने कार्डांचा डबा किराणाच्या पिशवीत घालून आणून दिला. प्रत्येक घराचं एक कार्ड. वर नाव, खाली तारखा आणि आकडे. एक म्हणजे आपला, पाच म्हणजे त्यांचा, मधले मधले. शिवाय तिच्या बारीक अक्षरातल्या नोंदी. 'कुत्रा बांधून ठेवत नाहीत.' 'मुलगा सैन्यात, आधी त्याचं विचार.' गेलन तिचा आवाज ऐकावा म्हणून वाचत गेला.

'ह' मध्ये हॉफ, मार्डेल. नोव्हेंबरपासून नुसते पाच, पाच, पाच. शेवटची नोंद त्या गुरुवारची.

'४:१०. स्वयंपाकघरात दिवा होता. मी वळले तसा विझला. ०. घरी नाही. थोडी थांबते. लावेल ती.'

त्याने ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

म्हणजे मार्डेल झोपली नव्हती. आर्लिस बाहेर बसून दिवा लागायची वाट पाहत होती, आणि मार्डेल आत अंधारात तिच्या जाण्याची. तास-सव्वा तास. त्या सव्वा तासात कधीतरी आर्लिसचा हात थांबला.

गेलनने कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. कॉकसला तो जाणार नव्हता. आता जायचं ठरवलं. तिथे प्रत्येक बाजूला बोलायला एक मिनिट मिळतं. आर्लिसच्या बाजूने तो बोलायला उभा राहील आणि एवढंच वाचेल. सगळ्या गावासमोर. मार्डेलकडे बघत.

*

सोमवारी सातला शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी चाळीस माणसं आली तर चांगलं म्हणायचे. आज रांग ग्रंथालयापर्यंत गेली होती. नावनोंदणीचे कागद संपले म्हणून कोणीतरी पोरांच्या चित्रकलेचे कागद कापून आणले.

रांगेत गेलनचा नंबर आला. टेबलाशी कॉनी बसली होती. आर्लिसनंतर पेल्हॅमवाल्यांचा भार तिच्यावर आला होता. तिने यादीत 'टेग' शोधलं आणि चटकन पट्टी ठेवून वरची ओळ झाकली. गेलनने ते पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे तिथे काय आहे."

"गेलन, तू आमच्याकडेच उभा राहणार ना?"

"बघू."

"बघू काय? तिच्यासाठी तरी..."

"कॉनी, मागे रांग आहे."

सभेचा प्रमुख ड्वेन. शाळेची बस चालवायचा, त्यामुळे निम्म्या गावाला त्याच्या आवाजाचा धाक होता. तो खुर्चीवर उभा राहिला आणि पोरांच्या मधल्या सुट्टीची पितळी घंटा वाजवली. "मंडळी, नियम तेच. मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आज अठ्ठ्याण्णव आहोत. ज्या कोपऱ्यात पंधरा नाहीत तो कोपरा बाद. मग अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ज्याला ज्याची मनधरणी करायची ती करा. अर्ध्या तासानं घंटा, दारं बंद, पुन्हा मोजणी. तेव्हा जो आत नाही तो मोजला जाणार नाही. लघवीला जाणाऱ्यांनी आत्ताच जा. हॅरोल्ड, तुला सांगतोय."

लोक हसले. खुर्च्या सरकल्या. क्विनलनचा कोपरा खिडक्यांकडे भरत गेला, भरतच गेला. मार्डेल तिथे पुढे उभी होती, निळ्या स्वेटरमध्ये, त्यावर क्विनलनचा बिल्ला. तिसरी उमेदवार एम्स, अमेरिकी संसदेची सभासद; तिचे लोक व्यासपीठाखाली. पेल्हॅमवाले ताटं परत करायच्या खिडकीशी. ज्यांचं ठरत नव्हतं ते दुधाच्या फ्रीजजवळ. गेलन फ्रीजजवळ जाऊन बसला.

क्विनलन एक्कावन्न. एम्स चोवीस. न ठरलेले दहा. पेल्हॅम तेरा.

"दोन!" कॉनी जवळजवळ किंचाळली. "फक्त दोन हवेत!"

ड्वेनने घड्याळ पाहून अर्धा तास सुरू केला आणि हॉलमध्ये जत्रा भरल्यासारखा गोंधळ झाला. एम्सवाले फ्रीजकडे धावले. कोणी केक दाखवत होतं, कोणी पोराला खांद्यावर घेऊन "आमच्याकडे या" म्हणवून घेत होतं. एक क्विनलनवाला पेल्हॅमवाल्यांना म्हणाला, "तुमची गाडी तर अंगणातच बंद पडली की!" आणि मग काय बोललो ते ध्यानात येऊन तोंडावर हात ठेवून गर्दीत शिरला. पेल्हॅमच्या कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला शिवी दिली.

कॉनी गेलनसमोर उकिडवी बसली. "गेलन, ती याच्यासाठी गेली. याच कोपऱ्यासाठी. तू ये. आणि आल्यावर एक मिनिट बोल. काहीही बोल. तू नुसता उभा राहिलास तरी आणखी एक येईल. एम्सचे चार येतील. क्विनलनचेसुद्धा फुटतील."

"काहीही बोललं तर चालेल?"

"काहीही."

गेलन उठला. खिशावर हात ठेवला. कॉनीला वाटलं तो आपल्याबरोबर येतोय. पण तो सरळ हॉल ओलांडून खिडक्यांकडे गेला. त्याला आधी मार्डेलचा चेहरा जवळून बघायचा होता. क्विनलनवाल्यांना वाटलं तो त्यांच्याकडे येतोय, आणि दोघा-चौघांनी टाळ्याही वाजवल्या. मार्डेलने वाजवल्या नाहीत.

"मार्डेल, जरा बाहेर ये."

"इथेच बोल ना."

"इथे बोललो तर सगळ्यांसमोर बोलावं लागेल."

ती आली.

बाहेर बोळात शाळेने खेळांत जिंकलेल्या कपांचं कपाट होतं आणि पोरांचे बर्फाचे बूट ओळीने लावलेले. आतला गोंगाट दारामागे गेला. मार्डेलने हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली.

"त्या दिवशी तू घरात होतीस का?" गेलनने विचारलं. "मला लोवेलचं उत्तर नको."

ती बुटांकडे बघत राहिली. "होते."

"झोपली होतीस?"

"नाही." मग एकदम भराभर बोलू लागली, कोणी तिला आजवर विचारलंच नव्हतं आणि ती विचारण्याची वाट पाहत होती अशी. "मी कणीक भिजवत होते. पिठाचे हात. तिची गाडी वळली, मी ओळखली, तो पुढचा फुटका दिवा तिचाच. मी कोपराने बटण दाबलं आणि खाली बसले. जमिनीवर. ओव्हनला टेकून. मला वाटलं, दोन मिनिटात जाईल. ती गेलीच नाही. मला वाटलं कार्डं लिहीत बसली असेल, तुला माहितीय ना ती कशी लिहायची, एका घराला पानभर. मग मला रागच आला. मी म्हटलं, बस, तू बस, बघू कोण आधी थकतं ते. हातावरचं पीठ वाळलं, गेलन. मी नखांनी ते काढत बसले होते. लोवेल आला आणि ओरडला, तेव्हा मी उठले. माझा पाय बधिर झाला होता. मला धड चालता येईना."

गेलनने आडवा पडलेला एक बूट उचलून ओळीत ठेवला.

"लोवेल म्हणाला, झोपली होतीस असं सांग. मी सांगितलं." तिने नाक पुसलं. "रोज चार वाजले की मी दिवा लावते. भर उजेडात. सगळे दिवे. माझा भाऊ म्हणतो, बिल कोण भरणार."

आतून घंटा वाजली. पाच मिनिटं उरल्याची ती सूचना असावी, असं दोघांना वाटलं.

मग मार्डेलने त्याच्याकडे बघितलं. "एकच सांग. तुला तिचं मन माहीत होतं. मी लवकर घालवला होता दिवा. गाडी पुरती वळायच्या आत. तिनं पाहिलं असेल का? तिला कळलं असेल का मी आत आहे ते?"

कार्ड त्याच्या खिशात होतं. याचसाठी तो आला होता. तिने स्वतःच ते मागितलं होतं. त्याला फक्त ते काढून तिच्या हातात द्यायचं होतं.

पण त्यावर दोन गोष्टी होत्या. आर्लिसने पाहिलं होतं, ही एक. आणि 'लावेल ती', ही दुसरी. त्यातली कुठली मार्डेलला जास्त लागेल, ते त्याला कळेना. कालपासून त्याला वाटत होतं की ते कार्ड म्हणजे दगड आहे, उचलायचा आणि मारायचा. आता तो मार्डेलसमोर उभा होता, आणि आर्लिस त्या सव्वा तासात रागावली नव्हती हे त्याला पहिल्यांदा समजलं. ती नुसती वाट पाहत होती. मैत्रिणीची पाहावी तशी.

"मला..." तो म्हणाला.

आतून मोठ्याने आकडे मोजल्याचा आवाज येऊ लागला. एक. दोन. तीन. कोपऱ्यातला प्रत्येक जण आपापला आकडा ओरडत होता. गेलनने दार ढकललं. दार आतून लावलेलं होतं.

मघाची घंटा शेवटचीच होती.

दोघं दाराच्या काचेतून बघत राहिले. ताटांच्या खिडकीशी आकडे तेरावर आले. मग चौदा. दुधाच्या फ्रीजजवळचा एक माणूस तिकडे गेला होता. चौदानंतर कोणी ओरडलं नाही. कॉनी मान वळवून सगळा हॉल शोधत होती. मग तिची नजर दाराच्या काचेवर आली आणि तिथेच थांबली.

ड्वेनने दार उघडलं तेव्हा पेल्हॅमचा कोपरा बाद झाला होता. क्विनलनच्या पन्नासांना एकीच्या नसण्याने काही फरक पडला नाही.

"एक माणूस, गेलन," कॉनी म्हणाली. ती रडत नव्हती. "तिने एकशे बारा घरं केली. आणि तू बोळात उभा होतास."

"हो," गेलन म्हणाला.

"कशासाठी?"

मार्डेल त्याच्या मागेच होती. तिने तोंड उघडलं. पण क्विनलनवाल्यांनी तिला ओढून नेलं. त्यांचं गाणं सुरू झालं होतं. पेल्हॅमचे चौदा जण कोट चढवू लागले. काही एम्सकडे गेले, बाकीचे पार्किंगकडे.

*

दुसऱ्या दिवशी तिन्ही कचेऱ्या रिकाम्या झाल्या. प्रचाराची पोरं-पोरी गाड्या भरून पुढची निवड असलेल्या राज्यात गेल्या. पेल्हॅमने आठवड्याभरात माघार घेतली. अंगणातल्या पाट्या मात्र बर्फात तशाच उभ्या राहिल्या, कारण गोठलेल्या जमिनीतून त्या निघत नव्हत्या.

गेलनचा फोन बंद पडल्यासारखा शांत झाला. दोन दिवसांनी त्याने उचलून बघितला, तर चालू होता. आर्लिसला विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ती शांतता त्याला फोनपेक्षा जड गेली. चार वाजता तो कुठल्या ना कुठल्या तळघरात असे, आणि तिथेही त्याला अंगणात उभ्या गाडीचं इंजिन ऐकू येई. भट्टी बंद करून तो कान द्यायचा. काही नसायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी हॉफ लोकांची भट्टी बंद पडली. लोवेलने फोन केला, आणि गेलनने पलीकडच्या गावातल्या माणसाचा नंबर दिला. लोवेलने का म्हणून विचारलं नाही.

मार्डेल त्याला दोनदा भेटली, एकदा पोस्टात आणि एकदा किराणाच्या दुकानात. दोन्ही वेळा तिने तोंडाने काही विचारलं नाही, फक्त उभी राहिली. दोन्ही वेळा तो हवेबद्दल बोलला.

कार्ड अजून त्याच्याकडेच आहे. मार्डेलला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.